मुंबई पाहावयास गेलेली माणसे



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोते लढाया, तह आणि राज्यकर्त्यांची नावे ऐकण्याच्या तयारीने येतात. मी आज त्यांपैकी काहीच सांगणार नाही. माझा विषय अगदी घरगुती आहे. आपल्या कर्जत-खालापूरकडील कुटुंबे मुलाबाळांसह मुंबई पाहावयास जात आली, त्या जाण्याचा हा इतिहास आहे. 'मुंबई पाहिली' हे दोन शब्द आपल्याकडील पुष्कळ घरांत मोठ्या अभिमानाने उच्चारले गेले आहेत. राणीचा बाग, म्युझियम, चौपाटी, गेटवे, मत्स्यालय, म्हातारीचा बूट ही नावे मुंबई न पाहिलेल्या मुलांनाही तोंडपाठ असत. परंतु ही स्थळे कोणी उभी केली, कोणासाठी केली आणि त्यांसाठी आपल्या मुलुखाने काय दिले, हे तीन प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ते आज विचारावयाचे आहेत.

प्रथम वाटेचा विचार करू. आगगाडी येण्यापूर्वी खालापूरच्या माणसाला मुंबई गाठावयाची तर चौकावरून पनवेल गाठून तेथील बंदरात मचव्यात बसावे लागे, किंवा पाताळगंगेच्या काठाने आपट्याच्या बंदराकडे उतरावे लागे. घाटावरून येणाऱ्या प्रवाशांचा आणि तांड्यांचा हाच मार्ग होता. खोपोलीस नाना फडणविसांनी बांधलेले तळे आणि महादेवाचे देऊळ आजही आहे. घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यावर माणसाने आणि जनावराने पाणी प्यावे, घटकाभर विसावा घ्यावा, ही सोय त्यामागे होती. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा ही वाट अधिक वाहती झाली. तथापि मुलाबाळांना घेऊन केवळ पाहण्यासाठी समुद्रमार्गे मुंबईस जाणे हे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हते. लोक जात ते कामाला, कोर्टकचेरीला किंवा व्यापाराला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. १८५४ साली ती कल्याणास पोचली, आणि १८५६ साली कर्जतच्या बाजूने घाटाच्या पायथ्याशी आली. घाटावर १८५८ साली खंडाळा ते पुणे हा फाटा सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून किंवा पायी ओलांडावा लागे. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला आणि ही मधली तूट भरून निघाली. हा घाट फोडण्यासाठी एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकी आणि तापाने त्यांतील कितीतरी माणसे तेथेच मेली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येऊन अल्पावधीत वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे चालविला. पुढे आपण खिडकीशी मुलाला बसवून बोगदे मोजावयास शिकविले. त्या प्रत्येक बोगद्यामागे अशी नाव नसलेली माणसे आहेत, हेही त्याला सांगावयास हवे होते.

गाडीने काय केले? तिने आपल्या मुलुखाला एका दिवसात मुंबई दाखविली. पहाटेच्या गाडीने निघावे, फडक्यात भाकरी-चटणी बांधून घ्यावी, भायखळ्यास उतरावे, बाग पाहावी आणि रात्रीच्या गाडीने परतावे. ज्यांचे कोणी गिरणगावात किंवा गिरगावात असेल, त्यांनी चाळीच्या खोलीत दोन रात्री काढाव्यात. मुंबईची सहल म्हणजे नातलगांची भेटही असे.

आता त्या बागेकडे वळू. आपण जिला राणीचा बाग म्हणत आलो आणि जी आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखली जाते, ती १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लोकांना खुली झाली. प्रथम ती वनस्पतींची बाग होती. प्राणी पुढे, १८९० च्या सुमारास आले. त्याच दिवशी तेथेच एका वस्तुसंग्रहालयाचा पाया घातला गेला. या संग्रहालयाची कथा ऐकण्यासारखी आहे. ते प्रथम कोटातील एका बराकीत सुरू झाले होते. १८५७ चा उठाव झाला, लष्कराला बराक हवी झाली, आणि संग्रहातील वस्तू घाईघाईने बाहेर काढण्यात आल्या. त्यात पुष्कळशा नासल्या. सरकारी जागेत, सरकारच्या मर्जीवर चाललेल्या संग्रहाची ही गत झाली. तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी पुढाकार घेऊन लोकवर्गणी उभारली. सरकारनेही साहाय्य केले आणि २ मे १८७२ रोजी भायखळ्याची इमारत उघडली. नाना शंकरशेट १८६५ सालीच निवर्तले होते. भाऊ दाजींना मात्र ती उघडलेली पाहता आली. दोन वर्षांनी, १८७४ साली, तेही गेले. त्यांचे नाव संग्रहालयास १९७५ साली देण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाना शंकरशेटांचे मूळ मुरबाडचे. मुरबाड म्हणजे आपला शेजार. आगगाडी आणणाऱ्या कंपनीच्या प्रारंभीच्या खटपटीत ते होते आणि संग्रहालयाच्या वर्गणीतही ते होते. म्हणजे ज्या गाडीत आपण बसलो आणि ज्या दारी उतरलो, त्या दोन्ही ठिकाणी आपल्याच बाजूच्या माणसाचा हात लागलेला आहे. असे असता ही स्थळे 'साहेबाने केली' असे आपण सरसकट म्हणतो, ते बरोबर नाही. साहेबाने पाया घातला, फीत कापली, हे खरे. पण पैशाची आणि इच्छेची मोठी बाजू नगरवासी लोकांची होती.

बागेतील एक वस्तू मुलांना अवश्य दाखवावी. संग्रहालयाशेजारी दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली, हत्तीचे तुकडे झाले, आणि ते तुकडे राणीच्या बागेत येऊन पडले. १९१४ साली ते सांधून हत्ती पुन्हा उभा केला गेला. पाहा, यारी मोडली म्हणून आपला हत्ती आपल्याकडे राहिला! पुढे काळाचे चक्र असे फिरले की, १९६५ साली काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्डही आपल्या घोड्यासह फोर्टातून उचलून याच बागेत आणून ठेवण्यात आला. ज्याला नेणार होते तो हत्ती आणि ज्याला हलविले तो राजा आता एकाच आवारात आहेत. मुलाला इतिहास शिकविण्यास याहून सोपा धडा मला ठाऊक नाही.

इतर स्थळेही अशीच बोलकी आहेत. गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली पुरा झाला. पंचम जॉर्ज १९११ साली उतरला त्याची ती आठवण. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजी फौजेची शेवटची तुकडी त्याच कमानीखालून निघून गेली. बांधणाऱ्यांच्या मनात आगमन होते, जनतेच्या मनात राहिले ते निर्गमन. फोर्टातील मोठे वस्तुसंग्रहालय १९१४ साली बांधून तयार होते, पण महायुद्धात तेथे जखमी सैनिकांचे रुग्णालय झाले आणि लोकांना ते १९२२ साली पाहता आले. आज त्यास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. मलबार टेकडीवरची लोंबती बाग म्हणजे १८८१ साली पाण्याच्या हौदावर केलेली बाग. तिच्यासमोर १९५२ साली कमला नेहरू उद्यान झाले, आणि तेथला म्हातारीचा बूट मुलांच्या गप्पांत अमर झाला. १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय एका दानशूर कुटुंबाच्या देणगीवर उभे राहिले. कित्येक वर्षे ते सहलीचा ठरलेला टप्पा होते. अलीकडे ते बंद पडले आहे. चौपाटीला तर कोणी पायाच घातला नाही. तेथे १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांना अग्नी दिला गेला आणि तेव्हापासून त्या वाळूवर भेळ खाणारे मूलही नकळत एका तीर्थावर बसलेले असते.

आता तिसरा प्रश्न. आपल्या मुलुखाने यासाठी काय दिले?

संध्याकाळी मुंबई पाहावयास गेलेल्या माणसाला सर्वांत अधिक कौतुक कशाचे वाटे? दिव्यांचे. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची माळ पाहून घरी आलेले मूल आठवडाभर तेच सांगत असे. ही वीज कोठून आली? १९१५ साली टाटांचे वीजघर खोपोलीस सुरू झाले. लोणावळा, वळवण, शिरवटा येथील धरणांचे पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली आणून त्यावर वीज निघू लागली आणि ती प्रथम मुंबईच्या गिरण्यांना गेली. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर चालू झाले. म्हणजे मुंबईचा लखलखाट पाहून आलेला खालापूरचा मुलगा ज्या घरी परतला, त्या घराच्या उशाशी त्या दिव्यांचा उगम होता. तारा मात्र त्याच्या शेतावरून मुंबईकडे जात आणि त्याच्या घरी रॉकेलची चिमणी असे. आपल्या रानातले गवत, लाकूड आणि कातकऱ्यांनी पाडलेला कोळसाही याच दिशेने गेला.

ही विसंगती एका माणसाने ओळखली. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल, माथेरानचे. १९१२ साली त्यांचा जन्म झाला. ते वकील झाले आणि गोरगरीब शेतकरी-आदिवासींच्या बाजूने उभे राहिले. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. परक्या सत्तेचे कारखाने आणि दळणवळण लुळे करावयाचे तर ही शीर तोडली पाहिजे, हे या मुलुखाच्या माणसाला कोणी शिकवावे लागले नाही. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. मुंबईच्या दिव्यांचा इतिहास सांगताना खोपोलीचे पाणी आणि सिद्धगडचे रक्त या दोन्हींची आठवण ठेवली पाहिजे.

असो. आता सहलीची दिशा बदलली आहे. हा बदल १९०७ सालीच सुरू झाला, जेव्हा नेरळहून माथेरानची छोटी गाडी निघाली आणि मुंबईची कुटुंबे हवा पालटावयास आपल्याकडे येऊ लागली. द्रुतगती महामार्ग झाला, आणि २०१३ साली खालापूर तालुक्यात इमॅजिका हे मोठे करमणूक उद्यान उघडले. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि शनिवार-रविवारी शेतघरांवर शहरातील मुलेबाळे येतात. कर्जतच्या फलाटावरचा बटाटावडा तर आधीपासूनच प्रसिद्ध आहे. यात दुःख मानण्यासारखे काही नाही. पाहुणा आला की घराला शोभा येते आणि हाताला काम मिळते.

परंतु पाहुणचाराचीही एक मर्यादा असते. माथेरानात सहलीस आलेल्या कुटुंबाला हातरिक्षात बसवून दुसऱ्या कुटुंबाचा कर्ता पुरुष चढावर ओढीत असे. एकाच्या मुलांची गंमत दुसऱ्याच्या मुलांच्या बापाच्या छातीवर चालत होती. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत थांबविण्याचा आदेश दिला. ती मोडताना त्या ओढणाऱ्यांच्या चुलीचीही सोय होणे, हा त्या न्यायाचा उरलेला अर्धा भाग आहे.

आणि येथेच मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी वर्गणी गोळा केली, तेव्हा त्यांनी एक तत्त्व मानले होते. पाहण्यासारख्या वस्तू श्रीमंताच्या दिवाणखान्यात बंद असू नयेत. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या मुलालाही त्या पाहता याव्यात. म्हणूनच भाकरी बांधून निघालेल्या कुटुंबाला बागेत कोणी परके म्हटले नाही. आजची नवी करमणूक खाजगी भांडवलावर उभी आहे आणि तिचे तिकीट तिच्या खर्चाप्रमाणे असणार. त्याबद्दल तिला दोष देण्याचे कारण नाही. पण जे काम भांडवलाचे नाही, ते आपल्या नगरपालिकांचे, ग्रामपंचायतींचे आणि आपले आहे. खोपोलीचे तळे स्वच्छ आणि सावलीचे असावे, उल्हास आणि पाताळगंगेच्या काठी मुलांना बसता-खेळता येईल अशी मोकळी जागा असावी, आणि भाई कोतवालांची व बोरघाटातील मजुरांची कथा सांगणारे एखादे छोटे संग्रहालय कर्जतेस असावे, ही मागणी फार मोठी नाही. भायखळ्याचे संग्रहालयही अशाच मागणीतून उभे राहिले.

आपल्या आजोबांनी आपल्या वडिलांचे बोट धरून त्यांना मुंबई दाखविली. आपण आपल्या मुलांना अवश्य न्या. पेंग्विन पाहून झाले की त्यांना त्या दगडी हत्तीपुढे दोन मिनिटे उभे करा. परतीच्या गाडीत कर्जतच्या पुढे डोंगराच्या अंगावरून उतरणारे नळ दिसले, म्हणजे मुंबईचे दिवे येथून पेटले, असे सांगा. आणि वाडीवरचे एखादे मूल, ज्याच्या घरच्यांना तिकिटाचे पैसे परवडत नाहीत, त्यालाही आपल्या मुलाबरोबर गाडीत बसवा. ज्यांनी वर्गणी काढून ती बाग आणि ते संग्रहालय उभारले, त्यांचे ऋण फेडण्याचा मला तरी याहून चांगला मार्ग दिसत नाही.