खापर थंडीच्या माथीं

‘नाचतां येईना, अंगण वाकडें’ ही म्हण आपण सदैव दुसऱ्याविषयींच योजितों. ज्याच्या त्याच्या नजरेला स्वतःचें अंगण खरोखरच वाकडें दिसत असतें. सबब सांगणारा जाणूनबुजून खोटें बोलतो, ही समजूत मला भ्रामक वाटते. निव्वळ खोटी सबब चार दिवसही टिकत नाहीं. जी पिढ्यान्‌पिढ्या टिकते तिच्यांत सत्याचा अंश भरपूर असतो, आणि तिचा पहिला श्रोता व पहिला भक्त सांगणारा स्वतःच असतो. नेपोलियनच्या रशियावरील स्वारीचें एकोणतिसावें युद्धपत्रक या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे.

हें पत्रक ३ डिसेंबर १८१२ रोजीं निघालें. दोनच दिवसांनीं बादशहानें उरलेंसुरलें सैन्य मागें टाकून पॅरिसची वाट धरली. १६ तारखेला पत्रक तेथील ‘मोनितर’मध्यें छापलें गेलें आणि १८ च्या रात्रीं बादशहा स्वतः राजवाड्यांत हजर झाला. तोंवर विजयाच्याच वार्ता ऐकलेल्या फ्रेंच लोकांना येथें प्रथमच अनर्थाची कबुली मिळाली. पण ती कशी? ६ नोव्हेंबरपर्यंत हवा उत्तम होती व सारें सुरळीत चाललें होतें; ७ पासून थंडी पडली, रात्रींतून हजारों घोडे मेले, आणि घोडे गेल्यामुळें तोफा व घोडदळ गेलें, असा तिचा आशय आहे. पुढें आणखी एक मासला आहे. ज्यांना निसर्गानें पुरेसें कणखर घडविलें नाहीं त्यांचा धीर सुटला, श्रेष्ठ प्रकृतीचे लोक मात्र प्रसन्नचित्त राहिले म्हणे! शेवटीं बादशहांची प्रकृति कधीं नव्हती इतकी उत्तम असल्याची ग्वाही आहे. घरोघर सुतक, आणि त्या घरांना हें शुभवर्तमान!

आतां हिशेब पाहूं. शार्ल मिनार या फ्रेंच इंजिनियरनें १८६९ सालीं या स्वारीचा प्रसिद्ध आलेख काढला. त्याच्या आंकड्यांप्रमाणें जूनमध्यें नीमन नदी ओलांडली तेव्हां सैन्य ४,२२,००० होतें; सप्टेंबरांत मॉस्कोला पोचलें तें १,००,०००. बाजूंना पाठविलेल्या व वाटेंत ठेवलेल्या तुकड्या वजा घातल्या तरी फार मोठी तूट उरतेच, आणि तोंवर हिमाचा एक कणही पडला नव्हता. हीं माणसें उन्हाळ्यांत मेलीं: उपासमारीनें, अतिसारानें, उवांमुळें पसरणाऱ्या टायफस तापानें. धान्याच्या गाड्या मागेंच रखडल्या. घोड्यांना शेतांतलें हिरवें धान्य चारावें लागलें व ते पोटशुळानें मेले. ७ सप्टेंबरला बोरोदिनोच्या रणांत पडलीं तीं माणसें निराळींच. मॉस्कोंत सैन्य १४ सप्टेंबरला शिरलें तें १९ ऑक्टोबरला निघालें. पांच आठवडे झार अलेक्झांडरच्या उत्तराची वाट पाहण्यांत गेले, आणि उत्तर आलें नाहीं. त्या अवधींत घोड्यांना बर्फावर टिकतील असे नाल मारण्याचीदेखील नीट तजवीज झाली नाहीं. परततांना, मालोयारोस्लावेत्सच्या झुंजीनंतर, येतांना उजाड केलेलीच वाट पुन्हां तुडवावी लागली. गंमत अशी, कीं बेरेझिना नदीवर थंडी हवी होती तेव्हां ती नव्हती! हवा उबदार झाल्यानें गोठलेली नदी वितळली, आणि जनरल एब्लेच्या लोकांना बर्फाळ पाण्यांत उभें राहून पूल बांधावे लागले. त्यांतले फार थोडे पुढें वांचले. थंडी भयंकर होती यांत शंका नाहीं; परंतु तिनें मारलें तें आधींच मोडलेल्या सैन्याला.

मग दोष थंडीलाच कां? कुतुझोव्हसारख्या वृद्ध सेनापतीकडून हरणें म्हणजे आपल्यापेक्षां दुसऱ्याची बुद्धि सरस ठरणें. हिंवाळ्याला बुद्धि नसते. त्याच्यापुढें हरण्यांत कमीपणा येत नाहीं; उलट ज्याला हरविण्यास आकाशच खालीं यावें लागलें तो पुरुष आणखीच मोठा दिसतो. शाळकरी पोर टांकाला दोष देतें; बादशहाची सबबही बादशाही असावी लागते. याची झळ जेत्यांनाही लागली. गनिमी काव्यानें फ्रेंचांना सतावणारा रशियन सरदार देनिस दाविदोव्ह यानें १८३५ सालीं, फ्रेंच सैन्याचा संहार हिमानें केला काय, असा प्रश्नच मथळ्यांत घालून लेख लिहिला. आपलें यश हवेच्या नांवें जमा झालेलें त्याला कसें सोसावें? पानिपतचा विषय निघाला म्हणजे, मल्हाररावांनीं रण सोडलें, येथें आपणही किती लगबगीनें येऊन थांबतों! असो.

या सबबीची किंमत पुढच्याच वर्षीं द्यावी लागली. दोष थंडीचा असेल तर निर्णयशक्तींत बिघाड नाहीं, आणि बदलण्यासारखें कांहींच नाहीं. १८१३ च्या उन्हाळ्यांत तहाची संधि चालून आली असतां बादशहानें ती दवडली, आणि ऑक्टोबरांत लाइप्झिगच्या चार दिवसांच्या लढाईंत त्याचा पुन्हां दारुण पराभव झाला. तेथें हिम नव्हतें. वॉटर्लूनंतर सेंट हेलेना बेटावरच्या सबबी तर माणसांच्याच झाल्या: ग्रूशी वेळेवर आला नाहीं, नेनें उतावळेपणा केला.

कोलेंकूर हा १८०७ ते १८११ पर्यंत रशियांत फ्रान्सचा वकील होता. हिंवाळ्याविषयीं त्यानें बादशहाला बजावलें होतें, आणि मॉस्कोंतली शरदाची सुंदर हवा दाखवून बादशहानें त्याची थट्टा केली होती. सैन्य सोडून निघतांना बादशहानें गाडींत आपल्याशेजारीं बसविलें तें त्यालाच. कोलेंकूरच्या आठवणी १९३३ सालीं प्रसिद्ध झाल्या; त्यांत त्या प्रवासांतलें संभाषण आलें आहे. मॉस्कोंत आपण फार दिवस राहिलों, एवढें बादशहानें तेथें मान्य केलें. पण त्या चुकीलाही त्यानें एक कारण जोडलें: तेथील सुंदर हवेनें आपल्याला फसविलें.