घर बदलायचंय? पैसे नकोत, फक्त अटी वाचा: ब्रिटनमधल्या सरकारी घरांच्या अदलाबदलीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय.

आज सुरुवात एका जाहिरातीपासून करू. समजा, मोबाइलवर स्क्रोल करताना तुम्हाला हे दिसलं: "लंडनमध्ये डॅगनमला दोन बेडरूमचं घर आहे, मागे छोटी बाग. लीड्समध्ये तीन बेडरूमचं हवंय. आई आजारी आहे, लवकर कळवा." चार फोटो. आणि किंमत? किंमत कुठेच नाही.

हे घर विकायला नाहीये. कसं असेल? ते जाहिरात देणाऱ्याच्या मालकीचंच नाही! ते आहे कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, किंवा एखाद्या हाउसिंग असोसिएशनचं. आपल्याकडे म्हाडाची लॉटरी लागली की घर विकत मिळतं. तिथे मिळतं ते कमी भाड्याचं घर आणि त्यात राहण्याचा हक्क. असे दोन भाडेकरू आपापसांत घरं बदलू शकतात, आणि जोडी जुळवून द्यायला वेबसाइट्स आहेत. त्याची फी अगदी किरकोळ, पुष्कळांना तर शून्य.

मग प्रश्न असा, की जे फुकट आहे त्यासाठी लोक वर्षानुवर्षं का अडकून पडतात? त्याचं उत्तर शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

ग्लासगोच्या बायका आणि मुंबईच्या चाळी

साल 1915. पहिलं महायुद्ध सुरू आहे. ग्लासगो शहरात जहाजं आणि दारूगोळा बनवायला हजारो कामगार आलेत. घरं तेवढीच, माणसं दुप्पट वाटावीत इतकी. घरमालकांनी भाडी वाढवली. नवरे कारखान्यात नाहीतर आघाडीवर, त्यामुळे मालकाच्या माणसांशी गाठ पडली ती बायकांची. मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या बायकांनी भाडंच द्यायचं बंद केलं. घर रिकामं करायला कुणी आलं की गल्ली गोळा व्हायची. वर्ष संपायच्या आत सरकारनं कायदा केला आणि लहान घरांची भाडी युद्धाआधीच्या पातळीवर गोठवली.

तीनच वर्षांनी, 1918 मध्ये, मुंबईत युद्धकाळातला भाडेनियंत्रण कायदा आला. तेच साम्राज्य, तेच युद्ध, तीच घरटंचाई.

युद्ध संपल्यावर 1919 मध्ये ब्रिटनमध्ये आरोग्यमंत्री ख्रिस्तोफर अ‍ॅडिसन यांचा कायदा झाला. हे गृहस्थ मुळात डॉक्टर. कायदा म्हणाला, कामगारांसाठी घरं बांधणं हे कौन्सिलांचं कामच आहे आणि त्यासाठी सरकार पैसे देईल. लक्ष्य होतं 5 लाख घरांचं. पैसा आटला आणि निम्मीसुद्धा झाली नाहीत. पण रस्ता पडला. लंडनच्या पूर्वेला बेकन्ट्री नावाची वसाहत 1921 पासून उभी राहू लागली. साधारण 26,000 घरं! आपल्या जाहिरातीतलं डॅगनम तिथलंच. त्याच सुमाराला मुंबईत वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या जात होत्या. त्यांना मिळाली बाग, आपल्याला मिळाली एक खोली आणि सामाईक संडास. तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

घर मिळालं, पण पाय बांधले गेले

कौन्सिलचं घर मिळणं म्हणजे मोठी गोष्ट होती. पण त्यात एक गाठ होती. प्रत्येक कौन्सिलची प्रतीक्षायादी वेगळी. डॅगनममध्ये तुम्ही वीस वर्षं नीट भाडं भरलंत, म्हणून लीड्सच्या यादीत तुम्हाला पुढे कुणी घेणार नाही. तिथे तुम्ही परके. शहर सोडलंत तर घर सोडलंत.

1980 च्या सुमाराला ब्रिटनमधली जवळजवळ एक तृतीयांश कुटुंबं अशा घरांत राहत होती. आणि नेमके तेव्हाच उत्तरेतले कारखाने बंद पडत होते. जानेवारी 1982 मध्ये बेरोजगारांचा आकडा 30 लाखांच्या पुढे गेला. त्याच्या काही महिने आधी मंत्री नॉर्मन टेबिट यांनी पक्षाच्या अधिवेशनात आपल्या वडलांची आठवण सांगितली. 1930 च्या मंदीत त्यांनी दंगे केले नाहीत, सायकल काढली आणि काम शोधत फिरले, असा त्याचा मतलब. त्यावरून देशभर गदारोळ झाला.

सायकल काढता येते हो. पण कौन्सिलचं घर कॅरिअरला बांधून नेता येत नाही ना! त्याच वर्षी दोन अर्थतज्ज्ञांनी, गॉर्डन ह्यूज आणि बॅरी मॅककॉर्मिक यांनी, एक अभ्यास छापला. स्वतःचं घर असलेल्यांच्या तुलनेत कौन्सिलचे भाडेकरू एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात फारच कमी हलतात, असं त्यांना दिसलं. माणसं आळशी नव्हती, घराचा नियम त्यांना धरून ठेवत होता.

कायदा म्हणाला: बदला, पण पैसे घेऊ नका

थॅचर सरकारनं 1980 मध्ये भाडेकरूंना तेच घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. पुढच्या काळात एकट्या इंग्लंडमध्ये जवळपास 20 लाख घरं अशी विकली गेली. त्यात चांगली, बागेची, ऐसपैस घरं आधी गेली. विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी बांधली गेली नाहीत. भाड्याच्या घरांचा साठा आटत गेला.

आता हलायचं तर रिकामं घर मिळणं आणखी अवघड. उरला एकच मार्ग: साटंलोटं. तू माझ्या घरात ये, मी तुझ्या घरात जातो. लोक हे आधीपासून करतच होते. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याच्या काचेवर चिठ्ठी लावायची, लोकल पेपरात दोन ओळींची जाहिरात द्यायची. 1984 च्या कायद्यानं कौन्सिलच्या कायम भाडेकरूंना अदलाबदलीचा हक्क दिला आणि 1985 च्या गृहनिर्माण कायद्यात तो कलम 92 म्हणून बसला.

अटी काय? घरमालक संस्थेची लेखी परवानगी हवी. अर्ज आल्यावर 42 दिवसांत तिनं कारण देऊन नकार कळवायचा. तसं केलं नाही, तर नंतर त्या कारणांचा आधार घेता येत नाही. कारणंही कायद्यात मोजून दिलेली. म्हणजे घर तुमच्या गरजेपेक्षा खूपच मोठं आहे, किंवा अपुरं पडेल, किंवा ते अपंग व्यक्तीसाठी खास बदलून घेतलंय, किंवा तुम्हाला घराबाहेर काढायचा कोर्टाचा हुकूम झालाय. भाडं थकलं असेल तर आधी ते भरा, मग बदला. आणि परवानगीच्या आधीच सामान हलवलंत, तर दोन्ही कुटुंबांचा हक्क धोक्यात.

आता सगळ्यात महत्त्वाची अट. अदलाबदलीत पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. "माझं घर मोठं आहे, वरचे हजार पाउंड दे," असा व्यवहार झाला आणि उघडकीला आला, तर घर परत घेण्यासाठी संस्था कोर्टात जाऊ शकते.

मुंबईकरांच्या डोक्यात एव्हाना एक शब्द आला असेल: पगडी! बरोबर. आपल्या 1947 च्या भाडे कायद्यानंही असे वरचे पैसे घ्यायला बंदी केली होती. बंदी कागदावर, पगडी हातोहात. शेवटी 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं तिला मान्यताच दिली. इंग्लंडमध्ये बंदी राहिली, कारण घर लोकांच्या पैशानं बांधलेलं. ज्याच्याकडे चार पैसे जास्त त्याला चांगलं घर, असं झालं की सरकारी घराचा अर्थच संपला. हा विचार मला पटतो. पण त्याचा परिणामही बघा. पैसे बाजूला काढले की उरतो निव्वळ वस्तुविनिमय.

जुळणार कसं?

आणि वस्तुविनिमयाचं जुनं दुखणं तुम्हाला शाळेच्या अर्थशास्त्रातून आठवत असेल. माझ्याकडे गहू, मला हवं कापड. नुसता कापडवाला सापडून भागत नाही. त्याला गहूच हवा असला पाहिजे.

घरांचं तसंच. डॅगनमवाल्या बाईला लीड्सला जायचंय. तर लीड्समधलंच असं कुटुंब हवं, ज्यांना लंडनला यायचंय, तेही डॅगनमला, तेही एक खोली कमी करून. काचेवरच्या चिठ्ठीनं हे जुळणं म्हणजे देवाची कृपा. इथे कंप्युटर कामाला आला. 1980 च्या दशकात सरकारी मदतीनं देशभराच्या अदलाबदलीच्या याद्या सुरू झाल्या. 2000 नंतर वेबसाइट्स आल्या: होमस्वॅपर, हाउस एक्सचेंज आणि इतर. दोघांचं जुळत नसेल तर तिघांची साखळीही चालते: पहिला दुसऱ्याच्या घरात, दुसरा तिसऱ्याच्या, तिसरा पहिल्याच्या. साखळी तुटायला मात्र एकानं शेवटच्या क्षणी "नको बुवा" म्हटलं की पुरे.

पैशांचं गणित असं. वेबसाइटची वर्गणी तुमची घरमालक संस्था भरत असेल, तर तुम्हाला फुकट. नसेल, तर तुम्ही भरा. म्हणजे एकाच गल्लीत एकाला फुकट, दुसऱ्याला विकत. शिवाय दोन वेबसाइट्स एकमेकींच्या जाहिराती दाखवत नसतील, तर जुळणारं घर असूनही दिसणार नाही. 2011 मध्ये सरकारनं होमस्वॅप डायरेक्ट नावाची योजना आणून मोठ्या वेबसाइट्स एकमेकींना जोडल्या. 2012 पासून इंग्लंडच्या नियामकानं नियमच केला: संस्थांनी अशी सेवा भाडेकरूला नावनोंदणीची फी न घेता मिळवून द्यायची, आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांना मदत करायची.

चला, म्हणजे प्रश्न सुटला? थांबा.

एका बेडरूमचा दंड

एप्रिल 2013. सरकारनं नवा नियम लागू केला, लोक त्याला 'बेडरूम टॅक्स' म्हणू लागले. भाड्यासाठी सरकारी मदत घेणाऱ्या, कामाच्या वयातल्या भाडेकरूकडे एक बेडरूम जास्त असेल, तर मदतीतून भाड्याच्या 14 टक्क्यांइतकी रक्कम कापायची. दोन किंवा जास्त असतील तर 25 टक्के.

मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली, बाईकडे एक खोली रिकामी राहिली, झाला दंड. सरकार म्हणालं, लहान घरात जा. पण लहान घरं होती कुठे? अनेक ठिकाणी कौन्सिलांनी बांधलेली बहुतेक घरं कुटुंबांसाठी, दोन-तीन बेडरूमची. आणि बदलायचं तर कुणीतरी समोरून हवं. ज्या वेबसाइटवर लोक कालपर्यंत हौसेनं किंवा सोयीसाठी येत होते, तिथे आता नाइलाजानं येऊ लागले. 1984 साली हक्क म्हणून आलेली गोष्ट तीस वर्षांत सक्तीसारखी झाली.

घर बदलत नाही, करार बदलतो

आणि आता ती गोष्ट, जी जाहिरातीतल्या फोटोंत दिसत नाही. कलम 92 ची अदलाबदल होते तेव्हा तुम्ही नुसत्या भिंती बदलत नाही. समोरच्याचा भाडेकरार तुमच्या नावावर होतो.

त्यामुळे घर 'आहे त्या स्थितीत' घ्यायचं. आधीच्या माणसानं स्वतः बसवलेलं काही मोडकं असेल, तर पुढे ते तुमच्या गळ्यात पडू शकतं. विजेची आणि गॅसची तपासणी संस्था करते, पण रंगरंगोटीची अपेक्षा ठेवू नका. टेम्पो, नवे पडदे, मुलांची शाळा, सगळं तुमच्या खिशातून.

भाडंही समोरच्या घराचं. 2011 पासून 'अफोर्डेबल रेंट' नावाचा प्रकार आला. नाव परवडणारं, पण भाडं बाजारभावाच्या 80 टक्क्यांपर्यंत. जुन्या कमी भाड्याच्या घरातून अशा घरात गेलात तर दर महिन्याला फरक भरा.

आणि सगळ्यात नाजूक: राहण्याची मुदत. 2012 पासून कौन्सिलांना आयुष्यभराऐवजी काही वर्षांपुरते करार देता येऊ लागले. मग आयुष्यभराचा करार असलेली आजी आणि पाच वर्षांचा करार असलेलं तरुण जोडपं यांनी घरं बदलली तर? 2011 च्या लोकॅलिझम कायद्यानं आजीला आधार दिला: तुमचा करार 1 एप्रिल 2012 च्या आधीचा असेल, तर नव्या घरातही तसाच सुरक्षित करार मिळेल. पण ते घर 'अफोर्डेबल रेंट'चं असेल तर हा आधार नाही. सही करण्याआधी हे एक वाक्य वाचलं की नाही, यावर म्हातारपण ठरू शकतं.

आज इंग्लंडमध्ये सरकारी घरांच्या प्रतीक्षायादीत सुमारे 13 लाख कुटुंबं आहेत. 1919 मध्ये सरकार म्हणत होतं, आम्ही बांधू. 1980 नंतर म्हणू लागलं, आहे ते विकत घ्या. आणि आता म्हणतं, वेबसाइटवर बघा, तुमचं तुम्हीच जुळवा. वेबसाइट वाईट नाही. तिच्यामुळे कुणी आजारी आईजवळ जाऊ शकलं, कुणाच्या मुलांना झोपायला खोली मिळाली. पण ती नवं घर एकही बनवत नाही. आहेत ती पत्त्यांसारखी पिसते. पत्ते कमी असतील, तर कितीही पिसा, सगळ्यांना डाव मिळत नाही.

म्हणून ती फी शून्य दिसली, तरी हिशेब तिथे संपत नाही. डॅगनमची ती बाई पैशांऐवजी वाट बघून किंमत मोजते, आणि तोवर लीड्समध्ये तिची आई एकटी असते.

तुमच्या घरात चाळीतली खोली बदलल्याच्या, पगडी दिल्या-घेतल्याच्या गोष्टी असतील, तर आजी-आजोबांना नक्की विचारा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि सही करण्याआधी कागद वाचा!