पोतदार, अच्युत
(२२ ऑगस्ट १९३४–१८ ऑगस्ट २०२५). हिंदी व मराठी चित्रपट, तसेच दूरचित्रवाणी यांतील चरित्र-अभिनेते. जन्म जबलपूर येथे, मराठी कुटुंबात. अर्थशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी रेवा येथे काही काळ अध्यापन केले. पुढे ते भूसेनेत रुजू झाले, १९६७ मध्ये कॅप्टनच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि त्यानंतरची पंचवीस वर्षे त्यांनी इंडियन ऑइलच्या नोकरीत व्यतीत केली. नाटकाचा व्यासंग नोकरी सांभाळूनच चालला होता.

चित्रपटात त्यांचा प्रवेश वयाची चाळिशी उलटल्यावर झाला. गोविंद निहलानी यांच्या ‘आक्रोश’ (१९८०) व ‘अर्धसत्य’ (१९८३) या दोन्ही चित्रपटांत ते होते. दोहोंची पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि त्यांपैकी दुसऱ्याचे मूळ श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेत. न्यायालय, पोलीस ठाणे, सरकारी कचेरी यांच्या भिंतींआड चालणारा व्यवहार पडद्यावर आणू पाहणाऱ्या त्या काळच्या समांतर चित्रपटाला असे चेहरे हवे होते, की जे नायकाच्या तोलाचे भाषण न करताही, निव्वळ उभे राहण्याच्या ढबीवरून, आपला अधिकार प्रेक्षकाला पटवून देतील. वर्ग, छावणी आणि कंपनीचे दप्तर या तिन्ही ठिकाणची शिस्त अंगी मुरलेल्या पोतदारांपाशी हा ऐवज आयताच होता, आणि प्राध्यापक, न्यायाधीश, मंत्री, कुटुंबवत्सल पिता अशा भूमिकांतील त्यांच्या विश्वसनीयतेचे मर्म, प्रस्तुत लेखकाच्या मते, त्यातच आहे.

१९९२ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, नोकरीतून निवृत्त होईपर्यंत ‘तेजाब’ (१९८८), ‘परिंदा’ (१९८९) यांसारखे चित्रपट त्यांच्या नावावर जमा झाले होते. पुढे ‘रंगीला’, ‘वास्तव’, ‘परिणीता’, ‘लगे रहो मुन्नाभाई’ यांची भर पडली. त्यांच्या चित्रपटांची संख्या सव्वाशेच्या घरात सांगितली जाते.

लोकांच्या स्मरणात ते राहिले, ते मात्र राजकुमार हिरानी यांच्या ‘थ्री इडियट्स’ (२००९) मधील एका प्रसंगामुळे. यंत्राची व्याख्या सोप्या शब्दांत सांगितल्याबद्दल वर्गाबाहेर घालविलेला विद्यार्थी विसरलेली वस्तू नेण्यासाठी परत येतो आणि ‘पुस्तके’ हा साधा शब्द टाळून पुस्तकाचे पल्लेदार शास्त्रीय वर्णन एका दमात म्हणून दाखवितो, तेव्हा घोकंपट्टीचा कैवार घेणाऱ्या त्या अध्यापकावर, तुला म्हणायचे आहे तरी काय, असे त्रासून विचारण्याची पाळी येते. पंचाहत्तरीतील पोतदार येथे हशा वसूल करण्याच्या भरीस पडत नाहीत. अध्यापक खरोखरच गोंधळला आहे, एवढेच ते प्रामाणिकपणे दाखवितात, म्हणून तो प्रसंग फुलतो. सहाय्यक नटाच्या कर्तबगारीचा याहून स्वच्छ दाखला हिंदी चित्रपटात क्वचितच सापडेल. कारण सरशी नायकाची व्हावयाची असली, तरी ती खरी वाटणे न वाटणे समोरच्या नटाच्या हाती असते.

‘भारत एक खोज’ व ‘वागले की दुनिया’ या दूरदर्शनच्या जुन्या मालिकांत त्यांनी कामे केली होती. पुढे खाजगी वाहिन्यांच्या दैनंदिन मालिकांचा व्यवसाय वाढत गेला आणि घरातील वडीलधाऱ्या पात्रांना नित्याची मागणी आली. झी मराठीवरील ‘माझा होशील ना’ (२०२०) या मालिकेतील अप्पा ही त्यांची या काळातील विशेष लोकप्रिय भूमिका होय. ती त्यांनी पंच्याऐंशी वर्षांचे असताना स्वीकारली.

निधन ठाणे येथे. लहान भूमिका करणाऱ्या नटांच्या कामाची नोंद श्रेयनामावलीच्या अखेरच्या ओळींत विखुरलेली असते. पोतदारांच्या चित्रपट, नाटक व मालिकांतील भूमिकांची मूळ साधनांवरून पडताळलेली समग्र सूची अभ्यासकांनी वेळीच सिद्ध करावी.