वॉरंटी संपल्यानंतरचा धूर

मंडळी, मागच्या खेपेला आपण लॉस एंजेलिसच्या धुरक्यापर्यंत येऊन थांबलो होतो. डोळे चुरचुरवणारं ते धुरकं गाड्यांतून निघणारे वायू आणि कडक ऊन यांच्या संयोगातून तयार होतं, हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिलं. आज त्याच्या पुढचा, जरा रुक्ष वाटेल असा भाग बघायचाय. धूर आवरणारं यंत्र बिघडलं, तर पैसे कुणी भरायचे?

अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा १९७० चा. सिनेटर एडमंड मस्की यांनी तो रेटला, अध्यक्ष निक्सन यांनी ३१ डिसेंबरला त्यावर सही केली. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी करा, असं त्यात मोटार कंपन्यांना बजावलं होतं. हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण त्याच कायद्यात गाडीचं 'उपयुक्त आयुष्य'ही ठरवलेलं होतं: ५ वर्षे किंवा ५०,००० मैल, म्हणजे साधारण ८०,००० किलोमीटर. तेवढ्या काळाची हमी कंपनीने द्यायची, आणि गाडी विकली गेली तरी ती हमी पुढच्या मालकाकडे जायची.

१९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. (मुंबईतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा व्हायला १९९५ उजाडलं.) दिसायला सायलेन्सरसारखा डबा; आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियमचा पातळ थर. शिसं असलेलं पेट्रोल त्याला विषासारखं. आणि आत मौल्यवान धातू असल्यामुळे तो बदलायचा म्हणजे खिशाला चाट!

आता बघा, गंमत कशी आहे. गाडी नवी असते तेव्हा ती मुळात कमी धूर सोडते आणि तेव्हाच तिला हमी असते. इंजिन झिजतं, सेन्सर थकतात, कन्व्हर्टर निकामी होतो, ते नंतर. तोवर गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाती गेलेली असते. जुनी गाडी घेणारा माणूस ती का घेतो, हे तुम्हांला सांगायला नको. म्हणजे बिल जातं ते ज्याला ते सर्वात जड जाईल त्याच्याकडे. आमच्या मते या कायद्याचा पुढचा बराचसा इतिहास म्हणजे या एका बिलाची वाटणी आहे.

१९७७ च्या दुरुस्तीने गाड्यांची नियमित तपासणी ज्या भागांत हवा फार खराब होती तिथे आणली. आपल्या पीयूसीसारखीच म्हणा. मग नापास झालेल्यांनी काय करायचं? कन्व्हर्टर काढून साधी नळी बसवणं हा सोपा उपाय होता. कंपन्यांना आणि डीलरना ते १९७० पासूनच मना होतं. १९७७ मध्ये गॅरेजवाल्यांना मना झालं आणि १९९० मध्ये खुद्द मालकालाही.

दुसरीकडे सरकारला थोडं नमतंही घ्यावं लागलं. पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९८६ मध्ये बाहेरच्या उत्पादकांचे स्वस्त कन्व्हर्टर बसवायला परवानगी दिली. ते मूळ भागाइतकं काम करत नसत आणि कार्यक्षमतेची हमीही २५,००० मैलांचीच. हे बसवायचे मुख्यतः हमी संपलेल्या गाड्यांना. मूळ भाग परवडत नाही म्हणून नळी बसण्यापेक्षा हे बरं, असा व्यवहारी हिशोब. आम्हांला तो चुकीचा वाटत नाही.

१९९० ची दुरुस्ती मोठी. कंपनी दीर्घ हमी देते तेव्हा गिऱ्हाईक डीलरकडेच जातं, आमची पोटं मारली जातात, ही स्वतंत्र गॅरेजवाल्यांची आणि सुटे भाग बनवणाऱ्यांची जुनी तक्रार. त्यामुळे १९९५ च्या मॉडेलपासून सर्वसाधारण हमी घटून २ वर्षे किंवा २४,००० मैलांवर आली. पण कन्व्हर्टर, उत्सर्जन सांभाळणारा संगणक आणि बिघाड ओळखणारी यंत्रणा, एवढ्या महागड्या भागांना ८ वर्षे किंवा ८०,००० मैल मिळाले. ऑक्सिजन सेन्सर त्या यादीत नाही, हे ध्यानात ठेवा. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा त्याच्यामुळेही लागतो.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद. अतिप्रदूषित भागांत दुरुस्तीवर ४५० डॉलरहून जास्त खर्च करूनही गाडी नापासच राहिली, तर मालकाला सूट मिळू शकते. महागाईप्रमाणे हा आकडा वाढायचा. माणूस सुटतो, धूर मात्र चालूच. आणि तो थोडाथोडका नसतो. डेन्व्हर विद्यापीठाचे डोनाल्ड स्टेडमन यांनी रस्त्याकडेला किरणयंत्र लावून जाता-येता गाड्यांचा धूर मोजला, तेव्हा साधारण दहातली एक गाडी निम्मा कार्बन मोनॉक्साइड सोडते असं निघालं. म्हणून कॅलिफोर्नियाने पुढे उलटा मार्ग धरला: कमी उत्पन्नाच्या मालकाला दुरुस्तीसाठी सरकारी मदत, नाहीतर गाडी भंगारात काढण्याचे पैसे.

८ वर्षे, ८०,००० मैल हा आकडा कायद्यात तसाच उभा आहे. अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या गाडीचं सरासरी वय मात्र आता १२ वर्षांच्या पुढे गेलंय. बरं, इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.