‘इतरां’तले विजय हजारे

धावफलकाकडे दस्तऐवज म्हणून पाहण्याची सवय मराठी अभ्यासकांना फारशी नाही. वस्तुतः कोणाची नोंद कशी करायची, या साध्या गोष्टीतही त्या काळाची समाजरचना उमटलेली असते. इंग्लंडमधल्या काउंटी सामन्यांच्या जुन्या धावफलकांवर हौशी खेळाडूंची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, तर मोबदला घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिकांची आडनावानंतर छापली जात. तिथे भेद वर्गाचा होता. मुंबईत तो धर्माचा होता.

युरोपीय आणि पारशी यांच्या सामन्यांत १९०७ साली हिंदू संघ आला, १९१२ साली मुस्लिम संघ आला. उरलेल्यांसाठी १९३७ साली पाचवा संघ निघाला. त्याचे नाव ‘रेस्ट’, म्हणजे ‘इतर’. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशांची ही मोट होती. कोणताही समाज स्वतःला ‘इतर’ म्हणवून घेत नसतो. हे नाव नेहमी दुसऱ्याने दिलेले असते.

या संघाचे सर्वांत मोठे फलंदाज विजय हजारे. ११ मार्च १९१५ रोजी माधवनगरच्या शेजारच्या सांगलीत, एका शिक्षकाच्या मराठी ख्रिस्ती घरात त्यांचा जन्म झाला. रणजी स्पर्धेच्या १९३९-४० च्या हंगामात पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. भारतीय फलंदाजाचे प्रथम श्रेणीतले ते पहिले त्रिशतक. त्या महाराष्ट्र संघाचे कर्णधार होते संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर. म्हणजे पुण्यात हजारे महाराष्ट्राचे होते आणि मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत शिरताच ‘इतर’ होत होते. माणूस तोच, भाषाही तीच. बदलत होता तो फक्त वर्गीकरणाचा निकष.

१९४३ च्या डिसेंबरातला पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. ‘इतर’ १३३ धावांत गारद झाले, त्यांतल्या ५९ हजारेंच्या. फॉलोऑननंतर संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या हजारेंनी काढल्या. त्यातली एक भागी ३०० धावांची होती आणि तिच्यात साथीदाराचा वाटा होता अवघा २१ धावांचा. तो साथीदार म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ विवेक. ‘इतर’ नावाच्या त्या मोटेला त्या दिवशी एका घरातल्या दोघा भावांनी सावरून धरले. तरीही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला.

पराभवातली ही एकाकी झुंज हजारेंच्या कारकिर्दीचे जणू ध्रुवपदच झाली. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध त्यांनी ११६ आणि १४५ अशी दोन शतके काढली. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. सामना मात्र भारत डावाने हरला. १९५२ साली लीड्सला भारताच्या दुसऱ्या डावात शून्य धावांवर चार बळी पडले असता कर्णधार हजारेंनी ५६ धावा केल्या.

परंतु त्यांचे चरित्र केवळ करुण नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडवर डावाने विजय मिळवून भारताने आपली पहिली कसोटी जिंकली, तीही हजारेंच्याच नेतृत्वाखाली. ज्या स्पर्धेने त्यांना ‘इतर’ ठरवले होते, ती त्याआधीच १९४६ साली बंद पडली होती. धर्मावर आधारलेल्या या सामन्यांना महात्मा गांधींनी १९४० मध्येच विरोध नोंदवला होता.

१८ डिसेंबर २००४ रोजी हजारे गेले. आज देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते. त्या करंडकासाठी झुंजणारे संघ धर्मावरून ठरत नाहीत. ‘इतर’ म्हणून नोंदल्या गेलेल्या माणसाचे नाव अशा स्पर्धेला मिळावे, हा इतिहासाने केलेला न्याय म्हणता येईल. मात्र १९४३ चा तो धावफलक विसरून चालणार नाही. कारण वर्गीकरणाची ही भाषा क्रीडांगणावरून गेली असली, तरी आपल्या बोलण्यातून अजून पुरती गेलेली नाही.