स्वतःसाठी आणि शेजाऱ्यांसाठी

थोरला प्लिनी या रोमन लेखकाने इ. स. ७७ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘निसर्गेतिहास’ या ग्रंथाच्या अठराव्या खंडात सलगमाची दखल आवर्जून घेतली आहे. पो नदीच्या उत्तरेस द्राक्षमद्य आणि धान्य यांच्या खालोखाल याच पिकाला महत्त्व होते, असे तो नोंदवतो. पेरणीचा काळ नेपच्यून आणि व्हल्कन या देवतांच्या सणांमधला, म्हणजे जुलैअखेर ते ऑगस्ट. पेरणाऱ्याने विवस्त्र होऊन, हे बी आपण स्वतःसाठी आणि शेजाऱ्यांसाठी पेरीत आहोत अशी प्रार्थना करावी, हा संकेतही तो सांगतो.

विवस्त्रतेचे कारण काहीही असो. प्रार्थनेतला शेजारी मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. सलगम हे दोन हंगामांचे पीक आहे. पहिल्या हंगामात कंद पोसतो, हिवाळ्याची थंडी सोसल्यावर दुसऱ्या हंगामात फुले येतात. कंद खाल्ला की बी संपले. म्हणून थंड प्रदेशात परसातले जुने वाण राखणारा माणूस चांगले कंद निवडून थंड जागी दडवून ठेवतो आणि वसंतात पुन्हा लावतो. मग पिवळी फुले, शेंगा आणि बी. त्यातही एका रोपाला बहुधा स्वतःचा पराग चालत नाही. मधमाश्यांनी दुसऱ्या रोपाचा आणावा लागतो. पण सरसों आणि चिनी कोबी याच जातीतल्या वनस्पती असल्यामुळे त्या शेजारच्या वाफ्यात फुलल्या, तर वाण भ्रष्ट होते. आपल्या बियाण्याचे भवितव्य शेजाऱ्याच्या वाफ्याशी असे बांधलेले असते.

या प्रार्थनेचा नेमका विरुद्ध ध्रुव अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात आढळतो. वॉर्ड्सबरो गावचा जॉन गिलफेदर हा शेतकरी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात एक गोडसर, पांढरा कंद पिकवीत असे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो सलगम नव्हे. सलगम आणि कोबी यांच्या संकरातून उपजलेल्या रुटाबागाचा तो प्रकार. पण गावाच्या बोलीत तो सलगमच राहिला. कोणी कंद पुन्हा लावून बी धरू नये, म्हणून गिलफेदर बाजारात नेण्याआधी त्याचा शेंडा आणि मुळे छाटून टाकी, असे सांगतात. तरीही बी इतरांच्या हाती गेलेच. २०१६ मध्ये गावातल्या शाळकरी मुलांच्या खटपटीनंतर व्हरमाँटने या कंदाला राज्याची भाजी म्हणून मान्यता दिली. ज्या चोरवाटा गिलफेदरने बुजवू पाहिल्या, त्यांनीच त्याचे नाव टिकवले.

आज छाटणीच्या सुरीची गरज उरलेली नाही. संकरित बियाण्याचे गुण पुढच्या पिढीत विस्कटतात आणि शेतकरी दरवर्षी दुकानाच्या दारी येतो. भारतात २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा आणि वाटण्याचा हक्क मान्य केला आहे. परंतु हक्क कागदावर टिकतो, वाण वाफ्यातच टिकते. जुना ग्रंथ प्रत काढणाऱ्यांमुळे आपल्यापर्यंत पोहोचतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. बियाण्याची प्रत तर दर काही वर्षांनी नव्याने काढावी लागते. जुने बी कुपीत फार काळ जिवंत राहत नाही. प्लिनीच्या प्रार्थनेतला शेजारी हा त्या प्रतीचा दुसरा राखणदार होता. आपल्या वाफ्यावर कीड पडली, तर बी मागायला जायचे ते त्याच्याच दारी.