चार केबीचं पान आणि बेंचमार्कचा आकडा

आजचा भाग एका आकड्याबद्दल आहे: ४ केबी. बहुतेक सर्व्हर आणि आपले बरेचसे अँड्रॉइड फोन मेमरीची वाटणी ४ केबीच्या तुकड्यांत करतात. या तुकड्याला म्हणतात पेज, म्हणजे आपलं पान. आता हे माप आलं कुठून? आणि ते बदललं की सर्व्हरचे बेंचमार्क वर-खाली का होतात? त्यासाठी आधी १९६२ सालच्या मँचेस्टरला जावं लागेल.

मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या टीमनं फेरांटी कंपनीबरोबर अ‍ॅटलस नावाचा कॉम्प्युटर बनवला. त्याची मुख्य मेमरी होती १६,३८४ शब्दांची, आणि एक शब्द ४८ बिटांचा. आजच्या हिशोबात फक्त ९६ केबी! ही मेमरी महाग, म्हणून जोडीला स्वस्त पण संथ असा फिरता चुंबकीय ड्रम. प्रोग्रामरला मात्र दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी दिसायची. हीच व्हर्च्युअल मेमरी. त्यासाठी त्यांनी मुख्य मेमरीची ५१२ शब्दांची ३२ पानं पाडली. एक पान साधारण ३ केबीचं.

तेव्हापासून पेच एकच आहे. पान मोठं ठेवलं तर अर्धवट भरलेल्या पानांत जागा वाया जाते. लहान ठेवलं तर पानं इतकी होतात, की कुठलं पान कुठे ठेवलंय ही नोंद शोधण्यातच वेळ जातो.

१९८५ मध्ये इंटेलचा ३८६ प्रोसेसर आला, ४ केबीचं पान घेऊन. अलीकडे वापरलेल्या पानांचे पत्ते पटकन सापडावेत म्हणून चिपमध्ये एक छोटी डायरी असते, तिचं नाव टीएलबी. ३८६ च्या डायरीत ३२ नोंदी मावायच्या. म्हणजे एका वेळी १२८ केबी मेमरीचे पत्ते हाताशी. तेव्हाच्या मशीनला ते पुरायचं.

आता आजच्या सर्व्हरचा हिशोब करू. ६४ जीबी मेमरी आणि पान ४ केबीचं, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पानं. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक चिपमध्ये मोठी टीएलबी १५३६ नोंदींची. तिच्यात ६ एमबीचेच पत्ते मावतात. पत्ता डायरीत नसला, तर प्रोसेसरला मेमरीतली मोठी वही उघडावी लागते, आणि ६४-बिट मशीनवर ती सहसा चार पायऱ्यांची असते. मोठा डेटाबेस इकडे-तिकडे उड्या मारत वाचतो, तेव्हा त्याचा बराच वेळ या पत्तेशोधीत जातो. पान २ एमबीचं केलं तर? त्याच १५३६ नोंदींत ३ जीबी मावतात. मशीन तेच, कोड तोच, पण बेंचमार्कचा आकडा बदलतो.

मग सगळीकडे २ एमबी का नाही? ते सांगतोच. पण त्याआधी थ्रेडची गोष्ट, कारण पुढे हे दोन्ही एकत्र येतात.

एप्रिल १९९९. माइंडक्राफ्ट नावाच्या कंपनीनं एक रिपोर्ट काढला: विंडोज एनटी हा लिनक्सपेक्षा फाइल सर्व्हर म्हणून २.५ पट आणि वेब सर्व्हर म्हणून ३.७ पट वेगवान. चाचणीचे पैसे मायक्रोसॉफ्टचे. लिनक्सवाले भडकले, आणि त्यांचे मुद्दे बिनबुडाचे नव्हते. लिनक्स नीट ट्यून केलेला नव्हता. मशीनला चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डं होती, आणि मागितली जात होती साधी स्थिर वेब पेजेस. तेवढा ट्रॅफिक तेव्हा किती साइट्सना होता?

पुढे लिनक्सच्या जाणकारांना सोबत घेऊन फेरचाचणी झाली. एनटी तरीही पुढेच! कारण लिनक्स २.२ मध्ये नेटवर्कचं बरंचसं काम एकाच लॉकखाली चालायचं. बँकेत चार खिडक्या उघड्या, पण शिक्का एकच, अशी अवस्था. एक प्रोसेसर काम करतोय आणि बाकीचे वाट बघतायत. चाचणी एकतर्फी होती, पण दाखवलेला दोष खरा होता. तो मान्य करून डेव्हलपर कामाला लागले. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ मध्ये नेटवर्कचं काम अनेक प्रोसेसरवर एकाच वेळी चालू लागलं.

आता २ एमबीच्या प्रश्नाकडे येऊ. २०११ मध्ये लिनक्स २.६.३८ मध्ये 'ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस' आली. कर्नल स्वतःच लहान पानं जोडून मोठी करणार, प्रोग्राम बदलायची गरज नाही. कागदावर एकदम भारी. पण रेडिस हा डेटाबेस बघा. डेटा डिस्कवर लिहिण्यासाठी तो स्वतःची दुसरी प्रत उभी करतो. दोघं मेमरी वाटून घेतात, आणि एखादं पान बदललं तरच त्याची कॉपी होते. पान ४ केबीचं असेल तर एक बाइट बदलल्यावर ४ केबी कॉपी. २ एमबीचं असेल तर त्याच एका बाइटसाठी ५१२ पट कॉपी! सरासरी वेग छान दिसतो, पण मधेच एखादी रिक्वेस्ट अडकते. म्हणून रेडिस ही सोय बंद ठेवायला सांगतो.

मोंगोडीबीचा सल्लाही अनेक वर्षं हाच होता. २०२४ च्या ८.० आवृत्तीत मात्र तो उलटला: आता ही सोय चालू ठेवा. बदललं काय? मेमरी वाटून देणारा आतला भाग. पूर्वी मोकळ्या मेमरीचा छोटा साठा प्रत्येक थ्रेडकडे वेगळा असायचा. थ्रेड वाढले की साठे वाढायचे आणि मेमरीचे तुकडे विखुरायचे. २ एमबीच्या पानात एक छोटा तुकडा जरी वापरात राहिला तरी अख्खं पान अडकू शकतं. नव्या आवृत्तीत हा साठा थ्रेडऐवजी प्रोसेसरच्या प्रत्येक कोरमागे ठेवला. थ्रेडचा हिशोब बदलला आणि पानाच्या मापाचं उत्तरही बदललं.

हीच गोष्ट आता तुमच्या खिशात पोचली आहे. अँड्रॉइड १५ पासून १६ केबीच्या पानाची सोय आहे. गूगलच्या मोजमापात मेमरीवर ताण असताना अ‍ॅप सरासरी ३.१६ टक्के लवकर उघडली, काही तर ३० टक्क्यांपर्यंत. अ‍ॅप उघडतानाचा बॅटरीखर्च ४.५६ टक्के घटला. पण गूगल हेही सांगतं, की सरासरी मेमरी थोडी जास्त लागते. १२ जीबीच्या फोनला त्याचं काही वाटणार नाही. ३-४ जीबीच्या फोनवर तीच मेमरी मोलाची, आणि आपल्याकडे असे फोन काही कमी नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी 'इतके टक्के फास्ट' असं वाचलंत, की बघा: मेमरी किती होती, पान केवढं होतं, थ्रेड किती होते. आणि सरासरीच्या आड कुणाची रिक्वेस्ट अडकून पडली होती.

भेटू पुढच्या भागात!